एमजीबीचं ट्यूनिंग घरच्या घरी : कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी

गाडी स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथरते, चढावर पिकअप घेत नाही, प्लग काळे पडतात. एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) बाळगणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून याच, आणि इलाजही ठरलेला: बॉनेट उघडायचं आणि एसयू कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग; एसयू ही त्याची कंपनी) खालचा नट फिरवायला लागायचं. जरा वर, जरा खाली. दुपारपर्यंत गाडी आणखी बिघडते आणि मूळ सेटिंग कुठे होतं हेही कुणाच्या लक्षात राहत नाही.

कार्ब्युरेटर बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो. टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांतली फट) घट्ट झालेले असतात, पॉइंट (ठिणगीसाठी वीज तोडणारे संपर्क) झिजलेले असतात, नाहीतर हवा भलत्याच फटीतून आत शिरत असते. टॅपेट बदलले की सिलिंडर किती मिश्रण ओढतो ते बदलतं. पॉइंटमधलं अंतर बदललं की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं. टायमिंग सरकलं की स्लो वरखाली होतो. यातलं काहीही कार्ब्युरेटर लावल्यानंतर केलंत तर कार्ब्युरेटर पुन्हा लावावा लागणार. म्हणून क्रम असा: हवेची गळती, टॅपेट, इग्निशन, पेट्रोल, आणि मग कार्ब्युरेटर.

इथली माहिती १७९८ सीसी इंजिन आणि दोन एसयू एचएस-४ कार्ब्युरेटर असलेल्या एमजीबीसाठी आहे. नंतरच्या एचआयएफ-४ मध्ये फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) बुडाशी आणि मिक्श्चरचा स्क्रू बाजूला असतो, त्यामुळे तिथे चौथ्या टप्प्यातली फ्लोटची तपासणी आणि पाचव्या टप्प्यातली जोडणी वेगळी; बाकी सगळं तेच. १९७५ पासून अमेरिकेत विकलेल्या गाड्यांवर एकच स्ट्रॉमबर्ग असतो, त्यांनी चौथ्या टप्प्यापर्यंतच वाचावं, तेही पॉइंट आणि फ्लोटचा भाग सोडून. आणि देशात कुणाच्या घरी जुनी ॲम्बॅसडर उभी असेल तर तिचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजचं आहे. टॅपेटचा टप्पा तिथेही चालतो, आकडे मात्र तिच्या पुस्तकातले घ्या.

तयारी

दोन दिवस मोकळे ठेवा. टॅपेट थंड इंजिनवर, कार्ब्युरेटर पूर्ण गरम इंजिनवर. एकाच सकाळी दोन्ही उरकू म्हणणारा माणूस टॅपेट कोमट इंजिनवर लावतो आणि तिथेच घोळ सुरू होतो.

लागणारं सामान: इंचातले एएफ (नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधल्या अंतरावर मोजलेले) पाने, इंचातलं फिलर गेज, टायमिंग लाइट, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, एसएई २० तेल, कार्ब क्लीनरचा स्प्रे, रॉकर कव्हरचं नवं गॅस्केट, अर्धा मीटर रबरी नळी आणि तुमच्या इंजिन नंबरची माहिती असलेलं वर्कशॉप मॅन्युअल. एमजीबीच्या इंजिनात वर्षागणिक बदल होत गेले. शेजाऱ्याच्या गाडीचे आकडे तुमच्या गाडीला लागू होतीलच असं नाही.

पान्यांबद्दल एक सांगतो. १३ मिलिमीटरचा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर बसतो. बसतो म्हणजे सैल बसतो, आणि दोन-चार वेळा जोर लावला की नटाचे कोपरे गोल होतात. सेकंडहँड गाडीवर गोल झालेले नट दिसले तर आधीच्या मालकाची पेटी मेट्रिक होती, असं समजायला हरकत नाही.

सावधान: १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचा पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेला असतो. पुढे अनेकांनी तो उलटा करून घेतला, त्यामुळे गाडीच्या वर्षावरून अंदाज बांधू नका. सीटमागचं झाकण उघडा, कोणतं टोक बॉडीला गेलंय ते डोळ्यांनी पाहा आणि मगच टायमिंग लाइटचे चिमटे लावा.

सावधान: काम उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये चालू इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. अग्निशामक हाताशी असू द्या. बहुतेक गाड्यांत पंखा इंजिनवरच फिरतो. ओढणी, मफलर, सैल बाही, मोकळे केस त्याच्यापासून लांब.

टप्पा १ : आधीची तपासणी

इंजिनला काहीही करण्याआधी सध्याची अवस्था लिहून ठेवा. चारही प्लग काढा आणि काढलेल्या क्रमानेच मांडा.

या इंजिनाचा एक गुण इथे उपयोगी पडतो. पुढचा कार्ब्युरेटर मुख्यतः १ आणि २ नंबरच्या सिलिंडरला पुरवतो, मागचा ३ आणि ४ ला. १ आणि २ दोन्ही काळे, ३ आणि ४ तपकिरी, तर पुढच्या कार्ब्युरेटरवर संशय घ्या. नुसता २ काळा असेल तर तो दोष कार्ब्युरेटरचा नसण्याचीच शक्यता जास्त. प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण किंवा त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पाहा. एवढं एक निरीक्षण केलं तरी पुष्कळांची अर्धी मेहनत वाचेल.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. ॲक्सिलरेटर न दाबता घेतलेलं रीडिंग निरर्थक असतं, कारण हवा आतच जात नाही. चारही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा बराच खाली असेल तर तिथे थोडं तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजल्या आहेत, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. अशा इंजिनाचं ट्यूनिंग होत नाही, आधी दुरुस्ती.

शेवटी हवेची गळती. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डचे नट हाताने तपासा. व्हॅक्यूमच्या नळ्या टोकाशी चिरलेल्या असतात, त्या वाकवून पाहा. ज्या गाड्यांत इंजिनाचा ब्रीदर (आतली वाफ बाहेर काढणारी नळी) थेट कार्ब्युरेटरला जोडलेला आहे, तिथे रॉकर कव्हरचं गॅस्केट गळत असेल तरी मिश्रण लीन (पेट्रोल कमी) होतं. तेल गळतंय एवढंच समजून लोक ते दुर्लक्षित करतात.

टप्पा २ : टॅपेट

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. अंतर ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिलिमीटर, थंड असताना.

रॉकर कव्हर काढा. पुढून मागे व्हॉल्व्हना १ ते ८ नंबर द्या. १, ४, ५, ८ एक्झॉस्ट. २, ३, ६, ७ इनलेट. प्लग बाहेरच राहू द्या म्हणजे इंजिन सहज फिरतं. गाडी सपाट जागी, इग्निशन बंद, चौथा गिअर टाका आणि गाडी हलकेच पुढे ढकला, तसं इंजिन फिरेल.

आता नवाचा नियम. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे त्याचा नंबर नवातून वजा करा, जो आकडा येईल तो व्हॉल्व्ह लावायचा. म्हणजे:

८ उघडा असताना १
६ उघडा असताना ३
४ उघडा असताना ५
७ उघडा असताना २
१ उघडा असताना ८
३ उघडा असताना ६
५ उघडा असताना ४
२ उघडा असताना ७

या क्रमाने गेलात तर इंजिन कमीत कमी फिरवून आठही होतात. लावून झालेल्या व्हॉल्व्हच्या शेजारी खडूने खूण करा. फोन वाजला की पुढचा नंबर कोणता होता ते विसरायला होतंच.

लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, फिलर गेज ओढताना हाताला किंचित अडखळ जाणवली पाहिजे. स्क्रू ड्रायव्हरने धरून ठेवा आणि लॉकनट आवळा. मग गेज पुन्हा घाला. ही दुसरी तपासणी वगळू नका. लॉकनट आवळताना स्क्रू जरासा सोबत फिरतो आणि अंतर बदलतं.

इथे फसवणारी गोष्ट रॉकरच्या टोकाची झीज. जुन्या रॉकरला व्हॉल्व्ह जिथे टेकतो तिथे खळगा पडतो. सरळ पातं त्या खळग्यावरून पुलासारखं जातं, गेज ०.०१५ दाखवतं, खरं अंतर त्याहून मोठं असतं आणि टॅपेट खडखडतच राहतात. नीट लावूनही आवाज जात नसेल तर रॉकर उतरवून पाहावे लागतील.

सावधान: रॉकर शाफ्टचे काही नट हेच सिलिंडर हेडचेही नट आहेत. टॅपेट लावताना त्यांना हात लावायचा नाही. रॉकर शाफ्ट काढायचाच असेल तर आधी कूलंट काढावं लागतं, नाहीतर पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं.

तपासा: मागच्या खेपेपासून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं अंतर बरंच कमी झालंय का? ब्रिटनमध्ये शिशाचं पेट्रोल २००० पासून पंपावरून गेलं. ज्या हेडमध्ये कडक धातूच्या व्हॉल्व्ह सीट बसवलेल्या नाहीत, तिथे शिशाचं संरक्षण गेल्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये हळूहळू खोल बसतो आणि टॅपेट घट्ट होतो. घट्ट टॅपेटचा आवाज येत नाही, म्हणून तो जास्त धोक्याचा. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. प्रत्येक वेळी मोजलेले आकडे लिहून ठेवायचे ते यासाठी.

कव्हर बसवताना नवं गॅस्केट घाला. नट अति आवळले तर पत्रा वाकतो, आणि मग कितीही आवळलं तरी गळतं.

टप्पा ३ : इग्निशन

आधी पॉइंट, मग टायमिंग. उलट केलंत तर टायमिंग दुसऱ्यांदा लावावं लागेल. पॉइंट जास्त उघडले की टायमिंग पुढे जातं, कमी उघडले की मागे.

पॉइंटमधलं अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच. पॉइंटवर टेकाड-खळगा पडला असेल तर कानशीने घासत बसू नका, नवे टाका. नव्या पॉइंटवर कारखान्यातलं संरक्षक तेल असतं, ते पुसून घ्या. कॅमवर ग्रीस नखाच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर बसतं. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. स्पष्ट डुगडुगत असेल तर पॉइंटमधलं अंतर प्रत्येक सिलिंडरला वेगळं पडणार आणि कुठलंही सेटिंग टिकणार नाही.

प्लगमधलं अंतर ०.०२५ इंच. वायरींचा क्रम १-३-४-२, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने. झाकणाला आतून बारीक काळी रेघ दिसली तर ठिणगी तिथून पळते आहे, झाकण बदला. रोटर आर्म आणि कंडेन्सर हल्ली जुने बरे आणि नवे वाईट अशी गत आहे. नवा सुटा भाग टाकल्यावर गाडी बिघडली तर जुना फेकलेला नाही ना, हे पाहा.

टायमिंग लावताना व्हॅक्यूमची नळी काढा आणि तिचं तोंड बंद करा. सुरुवातीच्या हाय कॉम्प्रेशन १८जी इंजिनांना स्थिर टायमिंग १० अंश, टायमिंग लाइटने ६०० आरपीएमला १४ अंश. नंतरच्या इंजिनांचे आकडे वेगळे आहेत. काही गाड्यांत खुणांची पट्टी पुलीच्या खाली असते, ती वाकूनच पाहावी लागते. आधीच पुसून खूण पांढरी करून ठेवा.

तपासा: व्हॅक्यूमच्या नळीला तोंडाने ओढून पाहा. डिस्ट्रिब्युटरमधली पॉइंटची प्लेट सरकली पाहिजे आणि ओढ धरून ठेवली तर जागेवर थांबली पाहिजे. हळूहळू परत येत असेल तर आतला पडदा फाटला आहे.

टप्पा ४ : पेट्रोल

इग्निशन चालू करा, इंजिन नको. मागचा एसयू पंप टकटक वाजतो, फ्लोट भरले की थांबतो. थांबल्यावरही काही सेकंदांनी एकेक ठोका पडत राहिला तर कुठेतरी पेट्रोल निसटतंय: फ्लोटचा नीडल व्हॉल्व्ह किंवा नळीचा जोड. टकटक थांबतच नसेल तर लगेच बंद करा आणि जमिनीवर पाहा.

फ्लोटचं झाकण उलटं धरा, म्हणजे नीडल व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. फ्लोटचा दांडा आणि झाकणाची कड यांत १/८ ते ३/१६ इंच अंतर हवं. दोन्ही कार्ब्युरेटरना सारखं. हे विषम असेल तर पुढे मिक्श्चर कधीच जुळत नाही, आणि लोक दोष कार्ब्युरेटरमधल्या, पेट्रोल मोजणाऱ्या सुईला देतात.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, चिरतात. या गाड्यांना ई-५ असलेलं सुपर घाला आणि नळ्या इथेनॉल चालणाऱ्या बसवा.

टप्पा ५ : कार्ब्युरेटर

अ) साफसफाई. वरचा डोम काढण्याआधी डोम आणि बॉडीवर खूण करा. डोम आणि पिस्टन यांची जोडी कारखान्यात जुळवलेली असते. पुढचा पिस्टन मागच्या डोममध्ये घालू नका. स्प्रे आणि सुती फडकं पुरे. पॉलिश पेपर अजिबात नको, त्याने हवा निसटायला जागा होते. दोन्ही सुयांवरची अक्षरं सारखी आहेत का ते वाचा. मोडीत काढलेल्या गाडीचे भाग जमवून बांधलेल्या इंजिनात ती वेगळी निघतात.

जोडल्यावर, डॅम्पर (पिस्टनची हालचाल मंद करणारा तेलातला दांडा) न घालता, पिस्टन बोटाने उचला आणि सोडा. खाली पडताना स्पष्ट टक असा आवाज यायला हवा. अडकत उतरत असेल तर सुई जेटला (पेट्रोल येतं त्या नळीला) घासते आहे. घट्ट बसवलेल्या सुईच्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये जेट मध्यावर आणावा लागतो. स्प्रिंगवर झुकलेली सुई असेल तर तो प्रकार नाही, तिथे वाकलेली सुई किंवा घाण शोधा.

ब) सुरुवातीची जागा. खालचा षटकोनी नट फिरवून जेट ब्रिजच्या (कार्ब्युरेटरच्या आतल्या, जेटभोवतीच्या सपाट उंचवट्याच्या) पातळीला आणा, दोन्हीकडे. तिथून नट १२ पैलू, म्हणजे दोन पूर्ण फेरे, खाली. नट फिरवताना जेट बोटाने वर दाबून ठेवा, नाहीतर नट वर गेला आणि जेट मागेच राहिला, असं होतं. चोक पूर्ण आत असताना दोन्ही जेट नटाला टेकलेच पाहिजेत.

डॅम्परमध्ये एसएई २० तेल भरा. तेल नसेल तर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर श्वास अडकल्यासारखी करते आणि लोक मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त) करत सुटतात.

क) हवेचा समतोल. गाडी चालवून गरम करा, उभी ठेवून नव्हे. एअर क्लीनर काढा. दोन्ही थ्रॉटल जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प आणि चोकच्या जोडणीचे क्लॅम्प सैल करा. हे विसरलात तर एक स्क्रू फिरवताना दोन्ही कार्ब्युरेटर हलतात आणि समतोल कधीच येत नाही.

रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडात. दोन्हीकडचा फुसकारा सारखा येईपर्यंत स्लोचे स्क्रू थोडे थोडे फिरवा. हवामापक यंत्र असेल तर उत्तमच, पण कानावर भागतं. फुसकारा सारखा होऊन स्लो मॅन्युअलमधल्या आकड्याच्या आसपास आला की पुढे.

ड) मिक्श्चर. डाव्या-उजव्या अंदाजाने नव्हे, पिस्टन उचलून. कार्ब्युरेटरखालची, पिस्टन उचलणारी पिन आधी मोकळी चाल संपेपर्यंत दाबा, मग पिस्टन फक्त १/३२ इंच, जेमतेम ०.८ मिलिमीटर, उचला. पिस्टन अर्धा इंच उचलला तर कुठलंही इंजिन बंद पडेल. त्यावरून लीन आहे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ.

आरपीएम वाढला आणि वाढलेलाच राहिला: रिच. नट वर.
आरपीएम लगेच पडला: लीन. नट खाली.
क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर: बरोबर.

एका वेळी एकच पैलू. एक कार्ब्युरेटर लावला की दुसऱ्याचं उत्तर बदलतं, म्हणून पुढचा, मागचा, पुन्हा पुढचा. सायलेन्सरजवळ उभं राहून कानही द्या: लीन असेल तर मिसिंग अनियमित, फटफट करत, रिच असेल तर ठेक्यात, आणि धूर काळसर.

दर तीन मिनिटांनी इंजिन २५०० आरपीएमवर अर्धा मिनिट चालवा. बराच वेळ स्लोला राहिलेल्या इंजिनात पेट्रोल साचतं, प्लग काजळतात आणि तुम्ही त्या काजळीप्रमाणे मिक्श्चर लावायला लागता.

तपासा: शेवटी दोन्ही नट साधारण सारख्याच पैलूंवर यायला हवेत. बराच फरक असेल तर तसाच सोडू नका. फ्लोटची पातळी, सुई किंवा हवेची गळती यांत काहीतरी राहिलंय.

इ) जोडणी. समतोल पुन्हा ऐका, मग थ्रॉटलचे क्लॅम्प आवळा, दोन्ही थ्रॉटल एकाच क्षणी उघडतील असे. किंचित मोकळीक ठेवा, नाहीतर पाय काढल्यावरही एक थ्रॉटल जरासा उघडा राहतो. चोकची केबल सगळ्यात शेवटी.

टप्पा ६ : रस्त्यावर

प्लगचा रंग दारात उभ्या गाडीवर वाचू नका. मोकळ्या रस्त्यावर काही मैल नेहमीच्या वेगाने जा, सुरक्षित जागी थांबा, लगेच इंजिन बंद करा आणि प्लग थोडे निवल्यावर काढा. फिकट तपकिरी ते करडा रंग ठीक. पांढराफटक म्हणजे लीन, मखमली काळा म्हणजे रिच. चढावर जोर दिल्यावर नोकिंग ऐकू आलं तर टायमिंग एक-दोन अंश मागे घ्या; मॅन्युअलमधले आकडे तेव्हाच्या पेट्रोलसाठी होते.

सावधान: चालत्या गाडीची किल्ली फिरवून प्लग वाचण्याची जुनी पद्धत सोडून द्या. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंग लॉक आहे.

इतकं करूनही स्लो टिकत नसेल

थ्रॉटलचा शाफ्ट बॉडीत जिथे जातो तिथे, इंजिन स्लोला असताना, कार्ब क्लीनर अगदी थेंबभर मारा. गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बरोबर खाली आहे, म्हणून नळीचं टोक जवळ धरून, फवारा न उडवता, अग्निशामक हातात ठेवून. आरपीएम बदलला तर शाफ्ट झिजलाय आणि तिथून हवा आत जाते. ही झीज नटाने भरून निघत नाही: स्लोला लीन म्हणून रिच केलं की वेगात गाडी जास्त रिच होते. नुसता शाफ्ट बदलून थोडं बरं वाटतं, पण भोकही अंडाकृती झालेलं असतं. कार्ब्युरेटर उतरवून, भोकं मोठी करून नवे बुश बसवणाऱ्याकडे द्या. हे काम घरच्या ड्रिलने सरळ होत नाही. बुश बसून आले की पाचवा टप्पा पहिल्यापासून, आधीचे चार फक्त तपासून.